उधना ते दोंडाईचा, पायी

उधन्याहून दोंडाईचापर्यंत पायी जाणारी सहा माणसं मला माहीत आहेत. रोजचे सत्तर किलोमीटर चालायची. न थांबता, न जेवता. सहाव्या दिवशी परत उधन्याला. त्यांना पाय नव्हते, तोंडं नव्हती, होता तो फक्त खुब्याचा सांधा. बाकीचं माणूस लोटन नानांनी ज्याचं त्याला जोडून दिलं होतं.

नीट सांगते. सुरतेत पर्वत पाटियाच्या पुढे, साड्यांच्या गोदामांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. खाली दिवसभर पार्सलं चढतात-उतरतात, वर आम्ही कृत्रिम खुबे झिजवतो. माणसाचा खुबा कामातून गेला की डॉक्टर तिथे धातूचा गोळा आणि घट्ट पांढऱ्या प्लास्टिकची वाटी बसवतात. गोळा वाटीत फिरतो, माणूस चालतो. फिरून फिरून वाटी किती झिजेल, हे माणसाच्या अंगात घालायच्या आधी कळलं पाहिजे, म्हणून आमचं मशीन.

मशीनवर ओळीने सात भांडी. प्रत्येकात एक गोळा, एक वाटी आणि दोन्ही बुडतील इतकं पिवळसर कोमट सीरम. आपल्या सांध्यात जे वंगण असतं, त्याच्या जागी हे. मशीन सेकंदाला एकदा सांधा हलवतं, तीनशे किलोचा भार टाकतं, काढून घेतं. पाच लाख हेलकावे झाले की थांबायचं, वाट्या काढायच्या, धुवायच्या, सुकवायच्या, वजन करायचं. जितकं कमी भरलं तितकी झीज. असं दहा वेळा. पन्नास लाखांना तीन महिने लागतात.

वजनाचं काम माझं. मी बीएस्सी, केमिस्ट्री. वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, आई घरी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. मशीनचं काम लोटन नानांचं. नाना सातवीपर्यंत शिकलेले. पहिल्या दिवशी मी माझं शिक्षण सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. थट्टा नव्हती त्यात. त्यानंतर मला नावाने हाक त्यांनी कधी मारलीच नाही. मी ‘ग्रॅज्युएट’.

उंच, वाळका माणूस. चष्म्याला मागून दोरा, दोरा साडीच्या काठाचा. तीस वर्षं सुरतेत लूमवर फिटर होते. लूमच्या खडखडाटात राहून ऐकू कमी यायला हवं होतं, पण नानांचं उलटं झालं होतं. माणसांचं अर्धं ऐकू यायचं, मशीनचं सगळं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. असे पाच पाच मिनिटं. कुणी नवीन आलं की वाटायचं, म्हातारा उभ्या उभ्या झोपला.

“दोन नंबर लंगडतोय,” डोळे न उघडता म्हणायचे.

मी कॉम्प्युटरवर बघायची. भाराची रेघ अगदी सरळ. “सगळं बरोबर आहे नाना.”

“रेघ बरोबर असेल. तो लंगडतोय.”

उघडून बघितलं की दोन नंबरचा एक बोल्ट केसभर सैल निघायचा. केतन सर, आमच्या लॅबचे प्रमुख, म्हणायचे, “लोटनभाई, तमे डॉक्टर थया होत तो?”, डॉक्टर झाला असतात तर? नाना म्हणायचे, “डॉक्टर तो पेशंटला विचारतो, कुठे दुखतं. माझे पेशंट बोलत नाहीत.”

मशीनच्या खोलीत ते चपला बाहेर काढून जायचे. सांगून कुणाला काढायला लावल्या नाहीत, पण हळूहळू आम्ही सगळेच अनवाणी झालो. त्या खोलीत दुपारी गेलं की वेगळंच वाटायचं. पश्चिमेच्या काचेतून ऊन यायचं, सात भांड्यांतलं सीरम मधासारखं दिसायचं, आणि तो एकच आवाज, हुं-ऊं, हुं-ऊं, कुणीतरी झोपेत चालत असल्यासारखा. गल्लीतल्या टेम्पोंचे हॉर्न तिथे पोचेपर्यंत मऊ व्हायचे. मी काही मागायला म्हणून जायची आणि काय मागायला आले ते विसरून उभी राहायची. नाना स्टुलावर बसलेले असायचे, मला बघून मान हलवायचे. “थांब जरा. बारडोली येतंय.”

ही बारडोली, नवापूरची गंमत त्यांच्या डोक्यातून निघालेली. भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने ताप्ती लाइनची स्टेशनं: उधना, चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. दोंडाईचाजवळ त्यांचं गाव. एक हेलकावा म्हणजे डावा पाय नि उजवा पाय, म्हाताऱ्या माणसाची बेताची पावलं, ऐंशी सेंटिमीटर. पाच लाख हेलकाव्यांचे झाले चारशे किलोमीटर. गाव जवळजवळ दोनशेवर. म्हणजे एका वजनापासून पुढच्या वजनापर्यंत बरोबर एक जाऊन-येऊन फेरी. हा हिशेब त्यांनी स्वतः मांडला होता, आणि मी कॅल्क्युलेटरवर पडताळला तेव्हा चुकला नव्हता.

सोमवारी सकाळी मशीन चालू केलं की म्हणायचे, “निघाले.” डबा उघडायच्या वेळी सगळे चलथाणला. कळण्याची भाकरी मोडत नाना नाक वर करायचे, “साखर कारखान्याचा वास आला का? मळीचा?” आम्ही पर्वत पाटियाला बसलेलो, वास येत होता तो खालच्या गल्लीतल्या डिझेलचा, पण खरंच सांगते, एखाद्या दुपारी मला मळीचा वास आला आहे. मंगळवारी सकाळी व्यारा ओलांडलेलं असायचं. बुधवारी मी आले की पट्टीवरची टाचणी नवापूरच्या पुढे सरकवलेली असायची, आणि त्या दिवशी नाना गुजराती बोलायचे नाहीत. केतन सरांशीसुद्धा नाही. “महाराष्ट्र लागला ना,” म्हणायचे.

सहाही चालणारे त्यांच्या गावचे. एक नंबर पोस्टमन. दोन नंबर मेंढरं राखणारा. तीन नंबर बांगड्या विकणारी कासारीण, डोक्यावर पेटी घेतलेली. चार नंबर शाळेतले गुरुजी, पाच नंबर सुईण, सहा नंबर एक जण नुसताच भटक्या, ज्याला घरात बसवत नसे. वजन करायला वाट्या आणल्या की नाना काचेपलीकडून विचारायचे, “कासारीण कशी आहे?” मी सांगायची, “ठीक आहे, दोन पॉइंट एक.” दोन पॉइंट एक मिलिग्रॅम झीज.

सातव्या भांड्याला नाव नव्हतं. ते चालत नसे. त्याच्यावर भार बाकीच्यांइतकाच, सीरम तेच, ऊब तीच, फक्त हलायचं नाही. प्लास्टिक बसल्या बसल्या थोडं पाणी पितं आणि जड होतं. चालणाऱ्या वाट्याही पाणी पितात, त्यामुळे त्यांची झीज आहे त्यापेक्षा कमी दिसते. सातवी बसून किती जड झाली हे धरलं, की सहाजणांचा खरा आकडा निघतो. नाना तिला ‘सात नंबर’ म्हणायचे, एवढंच. पण सकाळी आल्यावर हात आधी तिच्या भांड्याला लावायचे, कपाळाला लावतात तसा, पालथा.

सीरमची गोष्टही सांगायला हवी. ते वासराच्या रक्तातून काढलेलं असतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा नानांनी दोन्ही कान धरले आणि त्या दिवशी डबा खाल्ला नाही. काम सोडतील असं सरांना वाटलं. सोडलं नाही. दर वेळी नवीन बाटली ओतताना मात्र ओठ हलायचे. एकदा मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं: “माफ कर माय, कुणाचा तरी पाय चालंल.” आणि पोळ्याच्या दिवशी बाटलीला हात लावायचे नाहीत. “ग्रॅज्युएट, आज तू ओत. आज माझ्याच्यानं होणार नाही.” मी ओतायची. आमच्या घरी पोळा नसतो, पण ते बाहेर जाऊन उभे राहायचे तेव्हा मीही घाईत ओतत नसे.

आकड्यांच्या बाबतीत एवढा मऊ माणूस दगड व्हायचा. एकदा मी आधीच्या एका मालाची वजनं वाचून दाखवताना तीन पॉइंट आठला चार म्हणाले.

“चार की तीन पॉइंट आठ?”

“चारच धरा नाना. काय फरक पडतो?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “त्या पॉइंट दोनवर कुणीतरी उभं आहे, ग्रॅज्युएट.”

मी कॉलेजात तीन वर्षं एरर अ‍ॅनालिसिस शिकले होते. इतक्या कमी शब्दांत मला ते कुणी शिकवलं नव्हतं. आणि मोजणीत चुकलं तर नानांपासून सुटका नसे. मी एकदा वाट्या धुताना थेंब मोजत होते, चौदा, पंधरा, सतरा. शेजारच्या खोलीतून, कानाला स्क्रू-ड्रायव्हर, डोळे मिटलेले, नाना: “सोळा राहिलं.” माणसांचं अर्धं ऐकू येतं म्हणणारा हा माणूस.

आता इंदूकाकू. नानांची बायको. पांडेसऱ्याला त्यांच्या खोलीवर मी दोन-चारदा गेले होते. काकू जमिनीवर गादीवर बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या, वर्षानुवर्षं तेच काम, आणि भोवती पसरलेली साडी कधी निळी, कधी राणी रंगाची, त्यामुळे काकू मला आठवतात त्या तळ्यात बसल्यासारख्या. त्यांचा डावा खुबा गेला होता. न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरून, आणि जाऊन आल्यावर बराच वेळ टिकलीला हात लावायच्या नाहीत. दोन वर्षं गावी गेल्या नव्हत्या. नानांना काम सोडून गावी परतायचं होतं, घर होतं, थोडं शेत होतं, मन कधीचंच तिकडे गेलेलं. अडलं होतं काकूंपाशी. “मी गावात माझ्या पायांनी जाईन,” त्या म्हणायच्या. “मला कुणी धरून, उचलून उतरवायचं नाही. पहिल्यांदा गेले तशीच जाईन.” गेल्या होत्या नवी नवरी म्हणून, भराभर चालत, सासूला मागे टाकून. गावात त्याची अजून थट्टा होते, असं हसत सांगायच्या.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, लवकर करा म्हणाले होते. अडवून धरलं होतं नानांनी.

कारण त्यांनी पाहिलं होतं. माझ्या आधी कधीतरी मशीनवर एक वाटी अशी झिजली होती, की तिच्या सीरमवर पांढरी साय आली होती. प्लास्टिकचीच, पिठासारखी बारीक. ती साय नानांच्या डोक्यातून गेली नाही. डॉक्टर म्हणाले, सगळ्या कंपन्यांचा माल तपासलेला असतो. नाना म्हणाले, “मी नाही ना तपासला.” मग आली ही वाटी. बाजारात ती आधीपासून होती, काकूंच्या डॉक्टरांकडेही होती. कंपनीला परदेशी विकायला नवा दाखला हवा होता म्हणून आमच्याकडे पाठवली. राखीच्या आसपास मशीन सुरू झालं. नानांनी घरी सांगून टाकलं: ही माझ्या डोळ्यांदेखत पन्नास लाख चालू दे. मग तुला बसवू.

“तुमनं मशीन चाली राह्यनं,” काकू माझ्यादेखत त्यांना अहिराणीत म्हणाल्या, “आणि मी आठे बठेल शे.” म्हणजे मी इथे बसलेली.

“तीन महिन्यांचा प्रश्न आहे,” नाना म्हणाले.

“तुम्हाले तीन महिना. माले रोज सकाय.”

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नाना दिवसभर टाचणीकडे बघत होते, जणू बघून ती पुढे सरकेल.

पहिल्या सहा फेऱ्या सुरेख गेल्या. सहाजणांची झीज दोन-सव्वादोनच्या पुढे नाही. नाना वजन ऐकून घरी फोन लावायचे, “पोस्टमन मजेत, सुईण मजेत.” पलीकडून काकू काय म्हणायच्या ते ऐकू यायचं नाही, पण नाना हसायचे.

सातव्या फेरीत दसरा आला. दसऱ्याला मी सुट्टीवर असते. धम्मचक्र प्रवर्तन दिन. घरी वंदना, मग पांढरे कपडे घालून आम्ही सगळे वस्तीतल्या विहारात. लॅब बंद, मशीन चालू, आणि मशीनपाशी नाना एकटे. लूमवर तीस वर्षं त्यांनी दसऱ्याला मशीन पुजलं होतं. लूम निदान त्या दिवशी थांबायचा. हे थांबवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चालत्या मशीनलाच पुजलं. आपट्याचं पान, झेंडू, आणि सातही भांड्यांच्या झाकणांवर कुंकवाचं बोट.

सोमवारी मी वाट्या तोलल्या. पोस्टमन दोन पॉइंट दोन. मेंढपाळ दोन. कासारीण एकोणीस.

काटा शून्यावर आणून मी पुन्हा तोललं. पुन्हा तोललं. एकोणीस.

“कासारीण कशी आहे?” काचेपलीकडून नाना.

मी आकडा सांगितला. मी तीन नंबरचा गोळा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आरशासारखा गोळा, ज्यात नाना आपलं नाक वाकडं झालेलं बघून हसायचे, त्याच्यावर बारीक बारीक ओरखडे, सगळे एकाच वळणाचे. केतन सर आले, बघितलं, खुर्चीत बसले. “माल खराब छे,” म्हणाले. “एक वाटी तरी खराब निघाली. तसं लिहावं लागेल.” आणि ते लिहायला गेले.

नाना स्टुलावर बसले होते. हातात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, मशीन थांबलेलं, खोलीत आवाजच नाही. त्या खोलीतल्या शांततेकडे पहिल्यांदाच माझं लक्ष गेलं आणि मला ती आवडली नाही. ओरखडे कशाचे ते त्यांना उमगलं होतं, हे मला नंतर कळलं. ते सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं असतं तर एका कंपनीच्या वाटीवर ठपका आला असता आणि काकूंना दुसऱ्या कुठल्या तरी वाटीची वाट पाहावी लागली असती. त्यांनी बोलायचं ठरवलं तर पहिलं पाऊल पुन्हा उधन्यापासून. काकू दोन्हीकडे गादीवरच.

दुपारी, डबा न उघडताच, नाना उठले. वापरलेलं सीरम आम्ही फेकत नाही, दर फेरीचं बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. त्यांनी तीन नंबरची बाटली काढली, दोन्ही हातांत धरून बसले, हातांच्या उबेने ते वितळलं. मग केतन सरांच्या टेबलावर ठेवली. तळाशी गुलाबी गाळ होता, चिमटीभरही नाही.

“हे माझं कुंकू आहे,” नाना म्हणाले. “आटलेलं पाणी टाकायला झाकण उघडलं, तेव्हा पडलं असेल. बाजारातलं कुंकू, वाळू असते त्यात. वाटीचा दोष नाही. लिहू नका तसं.”

केतन सरांनी बाटली उजेडात धरली. “लोटनभाई, तुम्हाला माहीत आहे ना, सगळं परत करावं लागेल. नव्या वाट्या, नवे गोळे. शून्यापासून.”

“हो.”

“आणि तुमच्या घरी...”

“ते घरचं आहे,” नाना म्हणाले.

सरांनी लिहिलेला कागद फाडला. कंपनीला खरं ते कळवलं, नवा संच मागवला. नानांना रागावले नाहीत, फक्त जाताना म्हणाले, “आवता दशेरे, पुढच्या वर्षी, पूजा बाहेर, दरवाजावर.” नानांनी पट्टीवरची टाचणी काढली आणि उधन्यात खोचली. इतक्या हळू, की मी तोंड फिरवलं.

घरी त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि टिकल्या लावत राहिल्या, एवढंच मला कळलं. नव्या संचावर मशीन पुन्हा सुरू झालं. चार दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, जिन्यावर काठीचा आवाज आला. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मी धावले. काकू. रिक्षाने आल्या होत्या, आणि वीस पायऱ्या एकट्या चढत होत्या. हात पुढे केला तर म्हणाल्या, “नको, बेटा. वर पोचले की पाणी दे.”

त्यांना मशीन बघायचं होतं. इतकी वर्षं नवरा ज्याच्यापाशी बसतो ते. दारात चपला काढायला वाकता येईना, नानांनी खाली बसून काढल्या. आत ऊन आलेलं होतं, भांडी मधाच्या रंगाची, हुं-ऊं, हुं-ऊं. काकू पोस्टमनपासून एकेकापुढे उभ्या राहत गेल्या. प्रत्येकाला ओळखत होत्या, त्यांचंही गाव तेच. “ही कासारीण होय? पेटी कोठे शे?” नाना हसले. खूप दिवसांनी.

सातव्यापाशी काकू थांबल्या. “हे का चालत नाही?”

“ते बसायचं भांडं आहे. भार त्याच्यावरही तेवढाच.”

“आणि काय करतं?”

“काही नाही. पाणी पितं. जड होतं. त्याच्यावरनं बाकीच्यांचं खरं कळतं.”

काकूंनी भांड्यावर हात ठेवला. पालथा, नाना ठेवायचे तसाच. घरात कुणी कुणाचं उचललं होतं कोण जाणे.

“मंग ह्याले कधी चालवशात?”

“ह्याले नही चालवत.”

“कधीज नही?”

मशीन चालत होतं. नाना त्या हाताकडे बघत होते. मी दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते आणि आत जाता येत नव्हतं. सहाजण तेवढ्यात बरंच चालून गेले असतील.

“डॉक्टरले फोन लावा,” काकू म्हणाल्या. “मना समोर लावा.”

“वाटीचं अजून...”

“सहा फेऱ्या चालली ना पहिल्यांदा?”

“चालली.”

“मंग सातवी मी चालस.”

नानांनी फोन लावला. नंबर दोनदा चुकला. दोनदा चुकलेले नाना मी तेव्हाच पाहिले.

दिवाळीआधी ऑपरेशन झालं. तीच वाटी. ऑपरेशनच्या दिवशी नाना लॅबमध्ये नव्हते, साहजिक आहे, पण मी उगाच सात नंबरच्या भांड्याला हात लावला सकाळी. कोमट होतं. काकू आधी वॉकरवर चालल्या, मग काठीवर, संक्रांतीला गच्चीवर जाऊन पतंग बघून आल्या. नानांनी लॅबमध्ये पुढच्या माणसाला सगळं शिकवलं, स्क्रू-ड्रायव्हर कुठे लावायचा तेसुद्धा, आणि सांगितलं, गावी चाललो. दुसऱ्या संचाची दहावी फेरी तेव्हा चालू होती. “निकाल कळवशील,” एवढंच म्हणाले. पट्टी मागितली नाही. ती अजून भिंतीवर आहे, आणि टाचणी मी सरकवते.

योगायोग असा की दहावं वजन मी ज्या सकाळी केलं, त्याच दिवशी दुपारच्या गाडीने ते दोघं निघणार होते. सहाही वाट्यांचे आकडे मी एका कागदावर लिहिले. पोस्टमनपासून भटक्यापर्यंत, एकही आकडा ढोबळ न करता, पॉइंटच्या पुढे तीन घरं. सुंदर आकडे होते. पन्नास लाखांनंतर गोळ्यात तोंड दिसत होतं. कागद घडी करून मी उधना स्टेशनवर धावले.

प्लॅटफॉर्मवर ऊन होतं. तारांवर उत्तरायणातल्या पतंगांचे दोरे अजून लोंबत होते, वारा आला की चमकायचे. गाडी लागलेली होती, यांचा डबा पार पुढे. आणि त्या लांबच लांब प्लॅटफॉर्मवर मला ते पाठमोरे दिसले. काकू काठी टेकत, नवं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. नाना अर्ध्या पावलाने मागे, एका खांद्याला दोन पिशव्या, दुसरा हात काकूंच्या पाठीमागे, पाठीला न लावता.

मी गाठलं. “नाना, दहावी झाली. हे घ्या.”

त्यांनी कागद घेतला. उघडला नाही, सदऱ्याच्या खिशात सरकवला, आणि बोट ओठांवर ठेवलं. तेव्हा मला ऐकू आलं. काकू पावलं मोजत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल, किंवा मशीन पाहून आल्यापासून लागलेली सवय असेल. हळू, दमून, पण मोठ्याने.

“पन्नास. एक्कावन. बावन. त्रेपन.”

काठी टेकली, पाऊल टाकलं.

“पंचावन.”

चोपन राहिलं होतं. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या कानातून तसलं काही सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. दोऱ्याने बांधलेल्या चष्म्याआडून ते काकूंच्या डाव्या टाचेकडे बघत होते. टाच उचलली, पुढे गेली, टेकली.

“छप्पन,” नाना म्हणाले.